संक्रांतीच्या रविवारी खोली कुणाला द्यायची

मुलांनो, आमच्या स्टुटगार्टच्या इमारतीत तळमजल्यावर सगळ्या रहिवाशांसाठी एक मोठी खोली आहे. किल्ली माझ्याकडे असते. संक्रांतीनंतरच्या रविवारी तिथे मराठी मंडळाचं हळदीकुंकू ठरलं होतं.

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरची सिरियन शेजारीण आली. तिचा धाकटा भाऊ युरोपच्या पूर्व सरहद्दीवरच्या जंगलात थंडीने मेला होता. एका बाजूचे पहारेकरी त्याला तारेपलीकडे ढकलत, दुसऱ्या बाजूचे परत अलीकडे हाकलत. मृतदेह अजून तिकडेच अडकला होता. भेटायला येणारी माणसं तिच्या घरात मावत नव्हती. रविवारी खोली मिळेल का, एवढंच तिने विचारलं.

मी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना फोन केला. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, आपण पुढच्या रविवारी करू, म्हटलं. त्या म्हणाल्या, वाण आणून झालंय, बायका इंगोलश्टाटहून येणार आहेत. आणि आम्ही व्हिसाच्या रांगेत उभं राहून आलो, कुंपणं ओलांडून नाही. तुमच्या काकानेही मलाच सुनावलं: आई, उगाच वाकड्यात शिरू नकोस, त्यांचे यजमान माझे साहेब आहेत.

मी किल्ली शेजारणीला दिली आणि मंडळाला तसं कळवलं.

तरीही रविवारी अध्यक्षीणबाई आल्याच. काळी जरीची साडी, हातात वाणाची पिशवी, मागे चार बायका. आत शेजारणीकडची माणसं भिंतीलगत बसली होती.

"काय हे काकू, सणासुदीला सुतक आणून बसवलंत," त्या दारातूनच म्हणाल्या. "भलत्या वाटेने आलं की असंच व्हायचं."

शेजारणीला मराठी येत नाही, पण सूर कळला. बाई काय म्हणाल्या, तिने जर्मनमध्ये विचारलं. मी काही मऊ करून सांगितलं नाही.

ती उठून दारापर्यंत आली. "त्याने व्हिसाच मागितला होता. तो नाकारला. मग कुठल्या वाटेने यायचं होतं? विचारा त्यांना."

मी मराठीत विचारलं. अध्यक्षीणबाईंनी पदर सावरला आणि मागे वळून म्हणाल्या, "चला गं, माझ्याकडे करू."

दुःखाच्या घरून निघताना आपण 'येते' म्हणत नाही, नुसतं उठून जातो. त्याही तशाच गेल्या. पण त्या आधी बसायला हव्या होत्या. एकीनेही चप्पल काढली नाही.

मी दार लावून घेतलं.