रानातल्या थांब्यावर थांबलेली एसटी

शाळा अर्धवट सोडून, घरापासून लांब, मी कागलच्या एका कारखान्यात लागलो होतो. एका सुट्टीला डोंगरात भटकायला एसटीनं गगनबावड्याकडं गेलो आणि रानातल्या थांब्यावर एकटाच उतरलो. तिथं उतरणारे 'पाचला माघारी येतो' असं कंडक्टरला सांगून ठेवत, म्हणजे पाचची शेवटची गाडी त्यांच्यासाठी थांबे. बुजरेपणानं मी सांगितलं नाही.

परतताना धुक्यात पायवाट हरवली. शेवटची गाडी चुकली तर सकाळची पाळी चुकणार, आणि नवं काम जाणार. सव्वापाच झाले. तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. थांबून पुन्हा वाजला. त्या रोखानं काट्यांतून धावत सडकेवर आलो.

सकाळचाच कंडक्टर दारात उभा होता.

"नुसती भाकरी घिऊन उतरलासा, तवाच वळखलं, पावणं मुक्कामाचं न्हाय. चढा की आता!"

गाडी हसली. मी कपड्यांत अडकलेले काटे झटकत वर चढलो.