ललिताच्या लग्नातला व्हिडिओ गेम

“काका, हे तुमच्या कॉम्प्युटरला जोडा. आमच्या याडीचं गाणं रेकॉर्ड करायचंय.”

अनिलनं माझ्या टेबलावर जे ठेवलं, तो लेकरांनी खेळायचा व्हिडिओ गेम होता. हातात मावणारा, करड्या रंगाचा, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला. अनिलच्या मागं त्याची आई धनीबाई आणि बहीण ललिता उभ्या होत्या. साखऱ्याकडच्या एका तांड्यावरची माणसं. याडी म्हणजे आई.

हिंगोलीत माझा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, तर किराणा दुकानाच्या वरची खोली आणि भिंतींना ठोकलेले अंड्यांचे ट्रे. भजनी मंडळं, नाटकाचं संगीत, निवडणुकीचा प्रचार, सगळं तिथंच. ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. कॅसेटी संपत आल्या होत्या, सीडी रुळत होत्या. पण गाणं म्हणायला व्हिडिओ गेम घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“बसा धनीबाई,” मी म्हणालो. “माईक लावतो. तुम्ही गा, हे खेळणं बाजूला ठेवा.”

“तिला गाता येत असतं तर हे काहून आणलं असतं?” ललिता फाडकन बोलली.

धनीबाईंनी पदर जरा बाजूला केला. गळ्यावर ऑपरेशनची खूण होती. ऐकू बराबर यायचं, आवाज मात्र कायमचा गेला होता. मी माईक बाजूला सारला.

मग अनिलनं सगळं सांगितलं. त्यांच्या बंजारा समाजात नवरी सासरी निघाली, की एकेका माणसाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते. त्याला ढावलो म्हणतात. तांड्यावरच्या कितीतरी पोरी धनीबाईंनी शिकवून पाठवल्या. आता ललिताचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि शिकवणारीचाच गळा बंद.

“दुसऱ्या बाया शिकवतील की,” मी म्हणालो.

“शिकवतील. ती त्यांची चाल. मला याडीचीच पाहिजे,” ललिता म्हणाली. “शब्द येतात मला. चाल सुटून राहिली. मांडवात ती मागं वाजली तर मी धरीन. सगळ्या तांड्याला तिनं रडवलं, अन् मी तिची पोरगी दुसरीच्या चालीवर जाऊ?”

तिचे डोळे भरून आले. मी वायर शोधायला लागलो.

अनिल पुण्याला मोबाईलवरच्या खेळांचं संगीत करायचा. त्यानं या गेममध्ये खेळाऐवजी संगीत लिहायचं कार्ड घातलं होतं. असल्या यंत्रातून काढलेल्या संगीताला चिपट्यून म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. आतल्या चिपमध्ये चारच आवाज. दोन पिपाणीसारखे, एक जाडसर, आणि एक नुसता खरखराट, तो तालासाठी. पडद्यावर एकाखाली एक खाने असतात. एका खान्यात एक सूर भरायचा. बटण वर दाबलं की सूर चढतो, खाली दाबलं की उतरतो. गाता न येणाऱ्या माणसालाही डोक्यातला सूर असा शोधता येतो.

“हे सूर याडीनंच भरलेत,” अनिल म्हणाला. “मी फक्त बटणं दाखवली.”

माझा विश्वास बसेना. धनीबाईंनी गेम हातात घेतला आणि मेथी निवडावी तसा अंगठा चालवून दाखवला. ऐकायचं, मान हलवायची, पुन्हा दाबायचं. मी खुर्ची पुढं ओढली. असली गंमत सोडून जेवायला कोण जातो!

पहिली तकलीफ झाली घूंऽऽ अशा आवाजाची. याला आम्ही हम म्हणतो. अनिलनं गेम अडॅप्टरवर लावला होता, आणि आमच्या हिंगोलीची लाइट तर विचारूच नका. अडॅप्टर काढला, पेन्सिल सेल घातले. हम गेला, गाणं स्वच्छ आलं.

आलं ते कसं? कुल्फीवाल्याच्या गाडीसारखं. मला हसू फुटलं.

“हसा, हसा,” ललिता म्हणाली. “सूर तोच हाय.”

तरी धनीबाईंनी मान हलवली. नाही.

खरखराटाचा ताल काढला. नाही. लय उतरवली. नाही. दोन सुरांमधे घसरत जायची सोय होती, ती लावली. गाणं आता बाईच्या गळ्यासारखं ओढ घ्यायला लागलं. मी खूश झालो. धनीबाई मानेनंच नाही म्हणाल्या.

“याडी, तूच लिहिलंस ना हे? मग आता काय खोट काढून राहिली?” अनिल वैतागला.

धनीबाई रागानं उठल्या. गाण्याची एक ओळ संपली तशी त्यांनी माझ्या स्पीकरच्या तोंडावर तळवा दाबला. दुसऱ्या हातानं ललिताचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर टेकवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग तळवा काढला.

“अगं बाई!” ललिता म्हणाली. “रडायला जागाच न्हाई ठेवली यात!”

खरंच नव्हती. एक ओळ संपली की दुसरी सुरू. अनिल ओशाळला. “खेळाच्या संगीतात खाना रिकामा सोडला की आमचे साहेब ओरडतात. खेळणारा कंटाळतो म्हणे. ओळी मीच चिकटवल्या.”

ओळींमधे रिकामे खाने घालायला त्यानं सुरुवात केली. धनीबाई एकदा हो म्हणायच्या, लगेच पुढच्या ओळीला नाही.

“अगं याडी, मग किती ठेवू ते तरी सांग!”

“लांबच्या आत्याच्या अन् बापाच्या गळ्यात पडून सारखंच रडतात व्हय?” ललितानं विचारलं.

इथं माझा धंदा उपयोगी पडला. नाटकाचं संगीत मी कधी सलग भरत नाही. नट कुठं थांबेल, कुठं वाक्य विसरेल, काय नेम? म्हणून तुकडे करायचे आणि नटाकडं बघून सोडायचे. मी म्हणालो, “अनिल, ओळी सुट्या कर. एक ओळ वाजली की मशीन थांबू दे. पुढची ओळ तुझी आई बटण दाबून सोडेल. तिला वाटेल तेव्हा.”

“मग रेकॉर्डिंग?”

“लग्नात नको रेकॉर्डिंग. गेमच घेऊन बसू दे त्यांना. मी वायर आणि स्पीकर घेऊन येतो.”

रेकॉर्डिंगवाला स्वतःच रेकॉर्डिंग नको म्हणतो, याचं धनीबाईंना हसू आलं. तोंड उघडलं, आवाज आला नाही, पण हसल्या मात्र पोट धरून. ललिताला सरावासाठी सुट्या ओळींची कॅसेट मी भरून दिली.

लग्नाच्या दिवशी धनीबाई मांडवात गेम घेऊन बसल्या. पोरं खिदळली, म्हातारे कुजबुजले. मग पहिली ओळ वाजली आणि ललितानं ती उचलली. चुलती झाली, आत्या झाली. बापाच्या वेळी धनीबाईंनी बराच वेळ बटण दाबलं नाही. शेवटी ललिता आईकडं आली. ओळ म्हटली आणि गळ्यात पडली. गेम दोघींच्या मधे दबला.

मांडव शांत. स्पीकर शांत.

“मशीन बंद पडली वाटतं,” कुणीतरी म्हणालं. अनिल बटणाकडं वाकला. मी त्याचा हात धरला.

“दिवा लागलाय. चालू आहे.”

मग कधीतरी धनीबाईंचा अंगठा हलला. ललितानं पुढची ओळ म्हटली, ती अख्ख्या तांड्यानं ओळखली. बाया पदर लावून रडायला लागल्या. मीही रडलो, त्यात लाज कसली?

तेव्हापासून कुणी म्हणालं, “काका, मधली शांतता कापून टाका,” तर मी आधी विचारतो, तिथं कोण कुणाच्या गळ्यात पडलंय?