पंपघरातला हिरवा लाईट

कूलरच्या नव्या खसच्या ताट्यांवर पाणी पडलं, की त्या ओल्या वासासरशी मला धरमपेठेतली आमची दोन खोल्यांची कंपनी आठवते. गावोगावच्या पंपघरांत बसवलेले आमचे डबे टाकीतलं पाणी मोजून ऑफिसला कळवायचे, आणि त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही तिथूनच बदलायचो. नवं बिघडलं तर डब्याने आपोआप जुन्यावर परतायचं, अशी सोय होती. त्या दुपारी सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीने अपडेट सोडलं आणि स्क्रीनवरची गावं एकेक करून राखाडी होत गेली, म्हणजे त्यांचा संपर्क तुटत गेला. टेबलावरचे चाचणीचे डबे मात्र ठणठणीत! ते ऑफिसच्या वायरवर होते, गावातले सिमकार्डावर. आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये सिम चालवणारा भागच राहून गेला होता. आपण नीट सुरू झालो एवढंच तपासायला आम्ही डब्यांना शिकवलं होतं, ऑफिसशी बोलता येतंय का हे नाही; म्हणून एकही मागे फिरला नाही. "आता त्याले परत बोलावू कसं गा? त्याले ऐकूच येत नाही," ती म्हणाली. तेवढ्यात, डबा बघून यायला सांगितलेल्या खापरखेड्याकडच्या एका पंपवाल्याचा फोन आला, "साहेब, डबा तं चालू हाय, हिरवा लाईट जळून राहिला. तुमाले काहून दिसत नाही?" प्रत्येक गावी जाऊन डबे उघडायची ताकद कंपनीत नव्हती. पावसाळ्याआधीच कंपनी बंद पडली. आज ताट्या भिजवताना वाटतं, एखाद्या पंपघरात तो डबा अजून इमानेइतबारे पाणी मोजत असेल, आणि सगळं ठीक आहे असं स्वतःलाच सांगत असेल.