चौथीची आरोग्यमंत्री

त्या मुलीची नखं स्वच्छ होती. ती घाण आहेत असं मी चौथीच्या सगळ्या वर्गासमोर सांगितलं, आणि हे खोटं आहे हे मला बोलतानाच माहीत होतं. घाईत नीट दिसलं नाही, उजेड कमी होता, असलं काहीही नव्हतं. साडेदहाचं लख्ख ऊन दारातून आत आलं होतं. तिचा हात मी माझ्या हातात धरला होता आणि त्या हाताबद्दल खोटं बोललो.

शाळा गारखेड्याच्या टोकाला होती. ज्वारीची शेतं अजून संपली नव्हती आणि प्लॉट पडायला लागले होते. वाळूजला एकामागून एक कारखाने उभे राहत होते. पहाटे कंपनीची बस रस्त्यावर थांबायची आणि माणसं डबे घेऊन चढायची. त्यांचीच मुलं माझ्याकडे यायची. नव्या प्लॉटवर घरं बांधलेल्या सुपरवायझरांची आणि नाल्यापलीकडच्या दलित वस्तीतल्या हेल्परांची मुलं एकाच टाटपट्टीवर बसतात, हे मी पाहुण्यारावळ्यांना मोठ्या अभिमानानं सांगायचो.

शहरात तेव्हा विद्यापीठाच्या नावाचा वाद पेटलेला होता. कधी मोर्चा, कधी बंद, कधी नुसतीच कुजबुज. नामांतर झालं पाहिजे असं माझं मत होतं. म्हणजे ज्यांचं तेच मत होतं त्यांच्यासमोर होतं. बाकीच्यांसमोर मी खाली मान घालून चहा ढवळत बसायचो.

आठवड्यातले दोन तास मला आरोग्य आणि चांगल्या सवयी शिकवायच्या असत. त्यात मैत्री, एकमेकांशी वागणं, स्वतःबद्दल आदर हेही मी घालायचो. दौलताबादकडच्या गावात आमच्या घरी मेंढरं होती. लहानपणी शाळेत मुलं माझ्या अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून नाक दाबायची. ती गोष्ट मी दरवर्षी वर्गाला सांगायचो, डोळ्यांत पाणी आणून. मुलं गप्प होऊन ऐकायची. मला वाटायचं, आपण फार चांगले शिक्षक आहोत.

वर्गात बालमंत्रिमंडळ होतं. मुलं हात वर करून मंत्री निवडायची. त्या वर्षी आरोग्यमंत्री म्हणून एक नऊ वर्षांची मुलगी निवडून आली, नाल्यापलीकडच्या वस्तीतली. पुठ्ठ्यावर लाल शाईनं ‘आरोग्यमंत्री’ लिहून तो बिल्ला मी स्वतः तिच्या फ्रॉकला पिनेनं लावला. तिची कामं दोन. प्रार्थनेनंतर रांगेतून फिरून सगळ्यांची नखं, दात, केस बघायचे, आणि मधल्या सुट्टीत माठातलं पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानं प्रत्येकाच्या पेल्यात वरून ओतायचं. माठात कुणाचा हात जाऊ द्यायचा नाही.

ती भयंकर कडक होती. एकदा माझ्याच समोर येऊन उभी राहिली.

“सर, तुमचं पण दाखवा.”

“अगं, मी शिक्षक आहे.”

“शिक्षकाला जंत होत नाय व्हय?”

वर्ग खो खो हसला. मी हात पुढे केले. तिनं करंगळी धरून सगळ्यांना दाखवली. “हे वाढलंय. उद्या कापून या.” दुसऱ्या दिवशी मी खरंच कापून गेलो. त्या पावसाळ्यात माझ्या वर्गात जुलाबानं फारसं कुणी घरी राहिलं नाही. ते तिचं काम होतं.

दिवाळीनंतर तीन पालक आले. बोलणारा एकच, वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट, अतिशय सभ्य माणूस. “सर, आमचा त्या पोरीवर राग नाही बरं का. पण सध्याचं वातावरण तुम्ही बघताय. घरची म्हातारी माणसं विचारतात, पाणी कोण देतं म्हणून. तेवढं पाण्यावर दुसरं कुणी ठेवा. आम्ही काही बोललो असं होऊ देऊ नका म्हणजे झालं.”

मुख्याध्यापकांकडे गेलो, तर ते फाइलमधून मान वर न करता म्हणाले, “तुमचा वर्ग, तुम्ही बघा. फक्त वाद शाळेत आणू नका.”

म्हणजे ‘नाही’ म्हणायला मला कुणीही अडवलं नव्हतं. पालकांना दाराबाहेर काढता आलं असतं. निदान त्या मुलीला बाजूला घेऊन खरं सांगता आलं असतं. मी रात्रभर एकच विचार केला, की तिला काढायचं तर कारण काय द्यायचं. आणि कारण सापडलं तेव्हा मला चक्क हायसं वाटलं. आरोग्यमंत्र्याचीच नखं घाण निघाली, तर त्यात जातीचा प्रश्न येतो कुठं? ही युक्ती कुणी सुचवली नव्हती. ती माझी.

सकाळी मी म्हणालो, “आज मंत्र्यांचीही तपासणी.” तिनं दोन्ही हात ऐटीत पुढे केले. नखं बारीक कापलेली, घासून गुलाबी झालेली. मी हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणालो, “अरेरे! जी दुसऱ्यांना सांगते तिचीच नखं घाण. हिच्या हातचं पाणी प्यायचं का आपण?”

काही मुलं ओरडली, “नाही!”

तिनं आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मोठ्या माणसाला दिसतंय आणि आपल्याला दिसत नाही, असं काहीतरी असणार, म्हणून ती पुन्हा हाताकडे बघत राहिली. बिल्ला तिनंच काढून दिला.

नंतरचं मी डोळ्यांनी पाहिलं. तिचा धक्का लागला की मुलं सदऱ्याला हात पुसायची. “ए, लांब हो. सर काय म्हणले?” तोवर त्या मुलांना शिवायचं-न शिवायचं काही सुचलं नव्हतं, निदान शाळेत तरी. घरातून अर्धवट ऐकलेल्या गोष्टीला मी शाळेचं कारण मिळवून दिलं. आणि त्याच आठवड्यात मी फळ्यावर ‘मैत्री’ असं सुवाच्य अक्षरात लिहून धडा घेतला.

शेजारच्या वर्गावर एक मुसलमान गुरुजी होते, माझ्याहून वयानं मोठे. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. वऱ्हांड्यात मला गाठून हळू आवाजात म्हणाले, “सर, डर लगा तो लगा, सबको लगता. मगर बच्ची को गंदी कायकू बोले?” मी म्हणालो, “उशीर होतोय, घंटा झाली.” घंटा झालेली नव्हती.

आठ दिवसांनी तिचे वडील आले. कंपनीतून थेट आले होते, अंगावर निळा गणवेश, बोटांच्या रेषांत तेलाचं काळं. दाराबाहेरच चप्पल काढून उभे राहिले.

“सर, पोरगी जेवंना झालीय. ब्लेडनं नखं पार मुळापसून काढली तिनं. रगत आलं. मी म्हनलं, मी ऱ्हातो मशीनवर, माझं हात बघ, तुझं कुठं घाण हायत? तर म्हनती, सरांना दिसली. आमचं काय चुकतंय ते सांगा, म्हंजे सुधरता येईल.”

खरं सांगायची ही दुसरी संधी होती. मी त्या माणसाला आरोग्याचा पाठ दिला. नखं भिजवून कापावीत, कडुनिंबाच्या पाण्यानं हात धुवावेत, साबण वापरावा.

“साबण हाय सर. कंपनी देती दर म्हैन्याला. मी न्हाय लावीत, तिच्यासाठीच ठिवतो,” ते म्हणाले. आणि मग हात जोडले. “बरं झालं तुमी सांगितलं. दुसऱ्या मास्तरानं एवढं बघितलं नसतं.”

मी तो नमस्कार घेतला. मान हलवून, ओठांवर थोडं हसू ठेवून. खोटं बोलणं एक वेळ भित्रेपणात जाईल, पण हे कशात घालायचं, मला आजही ठरवता येत नाही.

चौथी संपल्यावर ती दुसऱ्या शाळेत गेली. मी बालमंत्रिमंडळ चालूच ठेवलं. पुढं दहाएक वर्षांनी विद्यापीठाचं नाव बदललं, त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी पेढे वाटले. मुसलमान गुरुजींनी पेढा घेतला आणि न खाता टेबलावर ठेवून दिला.

त्यानंतरच्या जूनमध्ये मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. हे मुख्याध्यापक नवे होते, हसतमुख. “काय सर, तुमची एवढी दहशत? एक मुलगी आलीय. तिची धाकटी बहीण यंदा चौथीत. म्हणते, या सरांच्या वर्गात ठेवू नका, नाहीतर शाळेतूनच काढते.”

ती बाहेर बाकावर बसली होती. एकोणीस-वीस वर्षांची झाली होती. मी तिला ओळखलं, आणि तिनं मला. मी तिला वऱ्हांड्याच्या कडेला नेलं आणि इतकी वर्षं मनात घोकलेलं बोलायला लागलो. तुझी नखं स्वच्छ होती, मी खोटं बोललो, वगैरे. तिनं मधेच थांबवलं.

“मला कशाला सांगताय, सर? ती स्वच्छ होती हे मला म्हाईतच आहे. कळायला वर्ष गेलं, पण कळलं. ज्यांना सांगितलंत त्यांना म्हाईत नाय.”

“ती मुलं आता कुठं सापडायची?”

“नाय सापडणार. मग आत्ता जी बसलीत त्यांना सांगा. माझ्या बहिणीसमोर. त्याच वर्गात. मग तिला कुठं बसवायचं ते मी बघीन.”

मी म्हणालो, उद्या सांगतो. ती म्हणाली, “आत्ता.”

मी वर्गात गेलो. ती दाराला टेकून उभी राहिली. तिची बहीण तिसऱ्या रांगेत बसली होती. तशातही मनात येत होतं, की जरा सौम्य शब्द वापरावेत. ‘गैरसमज’ हा शब्द जिभेवर आला होता. तो गिळला.

“दहा वर्षांपूर्वी या वर्गात एक आरोग्यमंत्री होती,” मी म्हणालो. “ती आज दारात उभी आहे. ती दलित आहे म्हणून काही पालकांना तिच्या हातचं पाणी नको होतं. त्यांना नाही म्हणायला मी घाबरलो. म्हणून तिची स्वच्छ नखं घाण आहेत असं मी सगळ्या वर्गाला सांगितलं. ते खोटं होतं.”

पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, “मग सर, तुम्हाला शिक्षा कुणी केली?”

“कुणीच नाही,” मी म्हणालो. मग दाराकडे वळलो.

“ते मी चुकून केलं नाही, ठरवून केलं. तुझे वडील विचारायला आले तेव्हा त्यांनाही फसवलं, आणि त्यांचा नमस्कार घेतला. तुझी आणि त्यांची, दोघांची मी माफी मागतो.”