मेपलच्या फांदीशेजारी आजचं वर्तमानपत्र

कुवाबाराबाईंचं पहिलं नाव किनुए होतं, हे मला गेल्या डिसेंबरात त्यांच्या भाचीच्या पत्रानं कळलं. घरात दुखवटा असल्यानं यंदा नववर्षाची कार्डं पाठवणार नाही, एवढाच छापील मजकूर होता. खाली वारलेल्या मावशीचं पूर्ण नाव आणि वय, एकाहत्तर. त्यांना भाची आहे हेही मला तेव्हाच कळलं.

बावीस वर्षं त्या आमच्या खानावळीत येत होत्या. आमची खानावळ यामागाताच्या डोंगरात, घळीच्या तोंडाशी आहे. तोक्योहून तीन दिवसांच्या सहली निघतात, लाल पानं बघायच्या. त्यांतल्या एका कंपनीच्या बसबरोबर बाई सहलप्रमुख म्हणून असत. एका शरदात सहा-सात खेपा आणि खेपेला पाऊण तास. सगळं मिळवलं तर मी त्यांना चार-साडेचार दिवस ओळखत होतो. त्यातही निम्मा वेळ त्या जेवत असत आणि मी स्वयंपाकघरात असे. तेव्हा मी जे लिहीन ते थोडंच असणार, आणि त्यातलं काही चुकीचंही असेल. एक गोष्ट मात्र मला पक्की ठाऊक आहे. त्या फार थोड्यांवर विश्वास ठेवत, त्या थोड्यांत मी होतो, आणि मी त्यांच्याशी एकदा खोटं बोललो.

बाई दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधत. दोन्हींत फरक पडला तर तिसऱ्याला विचारत, आणि तो जे सांगे तेही खरं मानत नसत. ड्रायव्हरनं सामानाचं दार लावलं की मागून जाऊन स्वतः ओढून बघत. “स्वच्छतागृहाला जाऊन आलात का?” असं प्रवाशांना विचारत आणि “हो” म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहत. मग एखादे आजोबा निमूट उठून पुन्हा जात.

एकदा मी त्यांना शेवंतीच्या जांभळ्या पाकळ्यांची कोशिंबीर कशी करायची ते सांगितलं. उकळत्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालायचं, म्हणजे रंग टिकतो. पुढच्या वर्षी आल्या त्या हेच म्हणत, “मालक, माझ्या काळ्या पडल्या. तुम्ही काहीतरी राखून ठेवलंत.”

“सगळं सांगितलं होतं, बाई.”

“सगळं कोणी सांगत नाही.”

हा स्वभाव जन्माचा नव्हता, असं कोदेरा म्हणायचा. कोदेरा त्यांचा ड्रायव्हर. पहिली दहा-अकरा वर्षं बस त्याचीच असे. आमच्याकडे बसच्या माणसांसाठी मागे एक छोटी खोली आहे, तिथं दोघं समोरासमोर बसून जेवत. बाई हात धुवायला गेल्या की कोदेरा हळूच बोले. बाई नवीन असताना एका देवळापाशी एक म्हातारी मागं राहिली होती. बाईंनी विचारलं तेव्हा शेजारच्या आसनावरची म्हणाली, “आहे की, इथंच आहे.” तिला वाटलं, म्हातारी मागच्या बाजूला मैत्रिणीकडे जाऊन बसली असेल. बस पन्नास किलोमीटर पुढं गेली. परत येऊन बघतात तर म्हातारी बाकावर बसलेली, हातात अर्धा खाल्लेला पाव. ओरडली नाही, रडली नाही. “तेव्हापासून बाई बोटांनी मोजतात,” कोदेरा म्हणाला, “आणि माझीही बोटं मोजून बघतात, दहाच आहेत का.”

माझ्यावर मात्र त्यांचा विश्वास बसला होता. सहलीच्या पत्रकात लिहिलेलं असे, दुसऱ्या दिवशी वरची खिंड किंवा खालची घळ, रंग असेल तसं. जिथं रंग, तिथं जेवण. बाई खिंडीतल्या खानावळीला आणि आम्हाला, दोघांनाही आदल्या दिवशी सांगून ठेवत आणि सकाळी साडेसहाला मला फोन करत. “मालक, घळ कशी आहे?” पहिल्याच वर्षी मी म्हणालो होतो, “हिरवी आहे. आज येऊ नका.” चाळीस जेवणं हातची गेली. बायको दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पण त्यानंतर बाईंनी घळीबद्दल दुसऱ्या कोणाला विचारलं नाही.

अकराव्या वर्षी नोव्हेंबर उजाडला तरी थंडी पडेना. त्याच उन्हाळ्यात खिंडीकडे नवा बोगदा झाला होता आणि दुसऱ्या कंपन्यांच्या पाच बस आमच्यावरून न थांबता वर गेल्या होत्या. आदल्या संध्याकाळी बायकोनं बेचाळीस जणांच्या अळकुड्या सोलून पाण्यात ठेवल्या. “उद्या नाही आले तर या तू खा,” ती म्हणाली. सकाळी मी खिडकीशी उभा होतो. समोर घळ जुलैसारखी हिरवी. फोन वाजला.

“मालक, घळ कशी आहे?”

“लाल झालीय,” मी म्हणालो.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या वेळी त्यांना शंका आली असती तर फार बरं झालं असतं.

बस अकरा चाळीसला आली. माणसं उतरली, पुलावर गेली, आणि पुलावरून बोलणं ऐकू येऊ लागलं. एक गृहस्थ म्हणाले, “एवढ्या लांब हिरवळ बघायला आणलं होय? आमच्या स्टेशनबाहेरचं झाड यापेक्षा लाल आहे.” त्यांची बायको म्हणाली, “जरा दम धरा, जेवून होईपर्यंत होतील.” दोघी-तिघी हसल्या. बाई हसल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“मालक, सकाळी लाल म्हणालात.”

मी धुतलेलं पातेलं पुन्हा धूत होतो. “सकाळच्या उन्हात तशी वाटली,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मागं वळून कोदेराकडे बघितलं. तो बसच्या पायरीवर बसून नाशपाती सोलत होता, मजेत. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

सहलीच्या शेवटी प्रवाशांकडून अभिप्रायाचे कागद भरून घेतात. त्या खेपेला तीसेक जणांनी घळीबद्दल लिहिलं, असं नंतर दुसऱ्या एका ड्रायव्हरकडून कळलं. बाईंना लांबच्या सहलींवरून काढून बागेतली सफरचंदं तोडायच्या एक दिवसाच्या सहलींवर टाकलं. दोन शरद त्या आल्या नाहीत. कोदेराही आला नाही. त्याची बदली झाली म्हणाले. मी विचारलं नाही कुठं आणि का. विचारलं असतं तर त्या वर्षाचं नाव निघालं असतं.

तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबरच्या शेवटी, सकाळी साडेसहाला फोन वाजला.

“कुवाबारा बोलतेय. घळ कशी आहे?”

“लाल आहे, बाई.” खरंच लाल होती.

“कुठलं झाड?”

“सगळीच.”

“सगळी म्हणजे? पुलाच्या अलीकडची की पलीकडची?”

“दोन्हीकडची.”

“फोटो पाठवा.”

बायकोच्या मोबाइलवरून पाठवला. पाच मिनिटांत पुन्हा फोन. “हा आजचाच कशावरून?”

“आजचाच आहे हो.”

“परवाचाही असाच दिसेल. शेजारी आजचं वर्तमानपत्र धरा. तारीख दिसली पाहिजे.”

तेव्हापासून बस यायच्या दिवशी सकाळी बायको पुलाजवळच्या मेपलची फांदी एका हातात आणि वर्तमानपत्र दुसऱ्या हातात धरून उभी राही, आणि मी फोटो काढे. “खंडणीसाठी पळवलेल्या माणसाचा असा फोटो काढतात,” ती म्हणे. “फांदीला म्हणावं, जरा घाबरलेली दिस.” एका पावसाळी दिवशी तारीख पुसट आली तर बाईंनी पुन्हा काढायला लावला. नऊ शरद असे गेले.

बायकोला खरं ठाऊक होतं. “सांगून टाक एकदाचं,” ती म्हणे.

“त्यांना कळलेलंच आहे. नाहीतर वर्तमानपत्र कशाला मागितलं असतं?”

“कळलंय तर सांगायला काय हरकत आहे?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. बाईंनी रस्सा चमच्यानं ढवळून तळ बघितला की मला वाटे, माझ्यावरच आहे हे. त्या “आज भात नवीन दिसतोय” म्हणाल्या तरी मी “नवीनच आहे, पोतं दाखवू का?” असं विचारी. एकदा त्यांनी खरंच पोतं बघितलं.

मीही त्यांच्यावर नजर ठेवू लागलो होतो. मागच्या खोलीत त्या एका वहीत काहीतरी लिहीत. मला वाटे, आमच्याविरुद्ध लिहितायत, एक दिवस कंपनीचा माणूस येईल आणि थांबा बंद होईल. एकदा त्या फोनवर बोलायला बाहेर गेल्या तेव्हा मी वही उघडून बघितली. लिहायला लाज वाटते, पण बघितली. प्रवाशांची नावं होती, आणि प्रत्येकापुढं ज्याचं त्याचं. गुडघा. साखर. बायको नुकतीच गेली, बोलायला कोणी लागतं. कोळंबी चालत नाही. आमचं नाव कुठंच नव्हतं. मी वही होती तशी ठेवली. जेवून झाल्यावर बाईंनी ती उचलली आणि जरा सरळ केली.

गेल्याच्या आदल्या वर्षी शरदात, शेवटच्या खेपेला, त्या म्हणाल्या की पुढच्या वर्षी येतील की नाही सांगता येत नाही, पायऱ्या चढताना धाप लागते. नवा ड्रायव्हर बाहेर काचा पुसत होता. प्रवासी पुलावर होते. मागच्या खोलीत आम्ही दोघंच. मी रश्शाचं भांडं ठेवलं आणि बाहेर न जाता तिथंच बसलो. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत बसलो नव्हतो.

“बाई, त्या वर्षी घळ हिरवी होती.”

“कुठल्या वर्षी?”

“तुम्हाला सफरचंदांवर पाठवलं त्याच्या आधी. मला खिडकीतून दिसत होती. मी लाल म्हणालो.”

त्यांनी तोंडातला घास चावून गिळला. “तसं म्हणायला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही.”

“कोदेरा-सानांचा फोन आला होता ना आदल्या रात्री?”

“कोदेराचा? नाही.”

“मालक, आता लपवून काय मिळणार? वरच्या वळणांना ते कंटाळले होते. आदल्या दिवशी दिवसभर कंबर धरून बसले होते. त्यांनीच तुम्हाला गळ घातली असणार.”

“नाही हो. अळकुड्या सोलून झाल्या होत्या. पाच बस वर निघून गेल्या होत्या. मीच बोललो.”

त्यांनी चॉपस्टिक भांड्यावर आडव्या ठेवल्या. बाहेर कोणीतरी हसलं.

“मी त्यांना तोंडावर विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते नाही म्हणाले. मी म्हटलं, ‘नाही’ तर म्हणणारच. कंपनीला सांगितलं, या माणसाबरोबर मला पाठवू नका. मग त्यांना विमानतळाच्या फेऱ्यांवर टाकलं. नोकरी संपेपर्यंत तिथंच होते.”

“आणि वर्तमानपत्र?”

“ते ड्रायव्हर लोकांसाठी. तुम्ही भिडस्त. कोणी गळ घातली की तुम्हाला नाही म्हणता येत नाही, असं मला वाटायचं. फोटोला भीड पडत नाही.” मग म्हणाल्या, “तुम्ही आपणहून बोलाल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात यायला हवं होतं.”

मी चटईला कपाळ टेकवलं. तिथूनच माफी मागितली. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही.

“उठा. कोणी आत आलं तर काय वाटेल?” त्यांनी उजवीकडचं घड्याळ बघितलं, मग डावीकडचं. “कोदेरा-सानांचा पत्ता आहे तुमच्याकडे?”

होता. साकाताला लेकाकडे राहतो. बायको त्याला दर नववर्षाला कार्ड पाठवते आणि त्याचंही येतं, चार शब्दांचं, की बरा आहे, मासे पकडतो. मी यादी काढून एका कागदावर पत्ता उतरवला. बाईंनी कागद घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचली. त्या तिथं गेल्या का, पत्र लिहिलं का, हे मला ठाऊक नाही. कोदेराच्या यंदाच्या कार्डातही मासेच आहेत. त्याला मीही लिहायला हवं आहे, आणि अजून लिहिलेलं नाही.

“पिनकोडातला हा शेवटचा आकडा,” बाई म्हणाल्या, “सात आहे की एक?”

“सात.”

“तुमच्या बायकोला विचारून या.”

मी स्वयंपाकघरात जाऊन विचारून आलो. “सातच आहे.”

“बरं,” त्या म्हणाल्या.