चौकटीवरची डबी

चुडावा स्टेशनचे तिकीटबाबू बेने इस्राएल होते, मराठी बोलणारे यहुदी. क्वार्टरच्या चौकटीवर त्यांनी देववचनांची छोटी डबी ठोकली होती. दारातून जाता-येता तिला बोटं लावून ते ओठांना लावत, आणि ते सारखे आत-बाहेर करत.

"बसा की काका जरा," कॉलेजच्या गाडीची वाट बघत त्यांच्या ओट्यावर बसलेला मी म्हणायचो.

"बसतो की," म्हणत ते उठायचे.

नामांतराच्या त्या दिवसांत कॉलेजात जो तो आडनावावरून जात काढायचा. काकांनी माझं आडनाव कधी विचारलं नाही.

बेने इस्राएलांचं मूळ रक्तातून शोधणारे मुंबईचे एक डॉक्टर काकांचं रक्त आधी एकदा घेऊन गेले होते; ते पुन्हा आले. "तुमच्या रक्तातली खूण फार दुर्मीळ आहे. बापाकडून मुलालाच जाते. मुलगा आहे ना?"

"एकच मुलगी."

"मग तुमच्यापाशीच संपली म्हणायची."

काका उठले, बसले, पुन्हा उठले. मुलीला बोलावून त्यांनी तिची बाही वर केली. "हिचंही घ्या."

"हिच्यात ती नसणार हो."

"काय आहे ते तरी बघा!"

"बाबा, शाळेला उशीर होतोय," म्हणत ती पळाली. दारात मात्र थांबली. टाचा उंचावून तिनं डबीला बोटं लावली, मग ओठांना.

डॉक्टर पेटी आवरत होते. काका खाली बसून तिच्याकडे पाहत होते. गाडीची घंटा झाली तरी ते उठले नाहीत.