काकूंचा डावा हात

चांदोरकर काकूंशी बॅकगॅमनचा पहिला डाव खेळलो, तेव्हा मी माझ्या सगळ्या सोंगट्या उलट्या दिशेने चालवल्या. दोघांच्या सोंगट्या एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात आणि प्रत्येकाने आपापल्या सोंगट्या आपल्या घरात आणायच्या असतात, एवढं काकूंनी समजावून सांगितलं होतं. मीही जन्मभर हेच करत आल्यासारखी मान हलवली होती. फासे छान पडत होते, मी धडाधड सोंगट्या पुढे नेत होतो. बऱ्याच वेळाने काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मिलिंद, तू माझ्याकडे राहायला येतोयस का रे? सगळं सामान इकडेच आणतोयस म्हणून विचारलं."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू इतका खुश होतास. म्हटलं, जाऊ दे यार."

सत्तरीला टेकलेली नऊवारी पिढीची मराठी बाई 'जाऊ दे यार' म्हणते, हे इंदूरबाहेरच्या माणसाला पटत नाही. आमच्या 'जुनी इंदूर' मोहल्ल्यात याचं कोणाला काही वाटत नाही. काकूंचं आणि आमचं घर एका भिंतीला लागून. आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या झाल्या की त्या तिकडून मोजत आणि एखादी जास्त झाली तर शुभांगीला, म्हणजे माझ्या बायकोला, ओरडून सांगत, "डाळीचं पीठ होईल गं!"

काका इंजिनिअर होते. उमेदीची सगळी वर्षं आखाती देशात काढली. तिथे शेजारी एक इराणी बाई राहायची. तिला हिंदी येत नव्हतं, काकूंना फारसी. तिने एका दुपारी पट मांडला आणि काकूंच्या हातात फासे दिले. "त्यानंतर बोलायची गरजच नाही पडली," काकू म्हणत. त्यांनी मग काकांना शिकवलं. इंदूरला परत आल्यावर रोज संध्याकाळी ओट्यावर दोघांचा डाव रंगे. येणारे-जाणारे विचारत, "क्या भिया, ये कौन सा चौपड़ है?"

मग काकांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं 'हं'वर आलं. डावा हात मात्र शाबूत राहिला, आणि सगळी ताकद त्या एका हातात येऊन बसली. जवळ बसणाऱ्याचं मनगट ते धरत आणि सोडत नसत. रागाने नव्हे, बसमध्ये माणूस दांडा धरतो तसं. सकाळी एक नर्स येऊन त्यांची अंघोळ उरकून जाई, तेवढ्यात काकूंनी भाजी-बिजी आणायची. बाकी सगळा दिवस काकू पलंगाजवळच्या स्टुलावर. डावा हात काकांच्या मुठीत, उजवा हात टॅबलेटवर. तो टॅबलेट बंगलोरला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने पाठवला होता. त्याच्यावर काकू जगभरातल्या लोकांशी बॅकगॅमन खेळत. रात्री खाण्याच्या गाड्या लागतात तो सराफा बाजार आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण काकूंनी तो कैक वर्षांत पाहिला नव्हता. मी तिथून भुट्टे का कीस, म्हणजे किसलेल्या मक्याचा उपमाच, आणून दिला की विचारत, "गर्दी होती का रे? कसली होती? नीट सांग." कीस थंड होईपर्यंत मला गर्दीचं वर्णन करावं लागे.

या खेळात पटाच्या मधोमध एक पट्टी असते. मारलेली सोंगटी त्या पट्टीवर जाऊन बसते. समोरच्याच्या घरातून तिला पुन्हा आत शिरावं लागतं. पण समोरच्याने आपल्या घरातल्या सगळ्या जागा अडवल्या असतील तर शिरायला वाव नाही. मी अशा वेळीही चिकाटीने फासे उचलत असे. काकू माझ्या हातावर चापट मारत.

"बंद आहे ना? मग टाकायचेच नाहीत फासे. गप बसायचं. समोरच्याला कधीतरी उघडावंच लागतं."

एके दिवशी टॅबलेटवर बातमी झळकली. बॅकगॅमनची मोठी स्पर्धा, देशभरातून खेळाडू येणार, दोन दिवस, आणि ठिकाण आपल्याच शहरातलं, बायपासजवळचं एक हॉटेल. काकूंनी मला ती वाचून दाखवली आणि टॅबलेट उलटा ठेवला.

"जा की काकू!" मी म्हणालो.

"यांच्याजवळ कोण बसेल?"

"मी बसतो. त्यात काय एवढं?"

ही माझी जुनी सवय. 'त्यात काय एवढं' आधी म्हणायचं आणि काम काय आहे ते नंतर विचारायचं.

शनिवारी सकाळी काकू अबोली रंगाची साडी नेसून निघाल्या. दारात मला बजावलं, "घर पेटलं तरच फोन करायचा. आणि तेव्हाही आधी फायर ब्रिगेडला." रिक्षा कोपऱ्यावरून वळली, मी स्टुलावर बसलो आणि काकांनी माझं मनगट धरलं.

तासाभराने मला वाटलं, आता सोडतील. दुपारी वाटलं, झोपले की सोडतील. काका झोपले, पण मूठ जागीच राहिली. मी बोटं हळूच एकेक करून उचलायला गेलो, तर पहिल्याच बोटाला त्यांनी डोळे उघडून असं पाहिलं की मीच 'सॉरी काका' म्हणालो. शुभांगी नेमकी देपालपुरला बहिणीकडे गेली होती. पंखा दोनवर होता आणि मला तीनवर हवा होता. पाण्याची बाटली समोरच्या टेबलावर होती. आणि जी गोष्ट अशा वेळी आठवू नये, ती सारखी आठवत होती. घरात चमचा सापडला नाही तरी मी शुभांगीला हाक मारतो. इथे हाक मारायला कोणी नव्हतं.

मोकळ्या हाताने मोबाईलवर स्पर्धेचे निकाल बघत बसलो. काकूंनी पहिला सामना जिंकला. दुसराही. मी मोठ्याने म्हणालो, "काका, काकू जिंकल्या!" काका म्हणाले, "हं." काकू स्टुलाशेजारी झाकून ठेवून गेलेला वरणभात मी एका हाताने भरवायला घेतला, तो मात्र त्यांनी दोन घासांवर सोडला आणि मान भिंतीकडे वळवली. फोन करावासा वाटला. पण घर काही पेटलं नव्हतं. संध्याकाळी तिसराही सामना काकूंचाच झाला. दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरी.

काकू आल्या तेव्हा माझा चेहरा कसा असावा कोण जाणे. त्यांनी चप्पल न काढताच फडताळातून एक जुना फासा काढला आणि काकांच्या बोटांपुढे धरला. फासा घ्यायला काकांनी मूठ उघडली. मी सुटलो.

"अरे, हे सांगायला विसरलेच!" काकू म्हणाल्या. मी ऐकायला थांबलो नाही.

हात धुऊन परत आलो तोवर त्यांचं मनगट काकांच्या मुठीत गेलेलं होतं. "आज गंमत झाली," त्या सांगत होत्या. "दिवसभर मी डावा हात मांडीवरच ठेवून खेळले. एकजण विचारतो, आंटीजी, हाथ में चोट है क्या? तिथले पंच म्हणाले, नियमच आहे, सोंगट्या एकाच हाताने हलवायच्या. मला काय, प्रॅक्टिस आहे." मग हसणं ओसरलं. "जेवले का हे?"

"दोन घास," मी म्हणालो.

काकूंनी मोकळ्या हाताने काकांच्या अंगावरची चादर सारखी केली. "उद्या नाही जात मी."

मी विषय बदलायला विचारलं, "फासा दिला की सोडतात, तर मग तुम्ही दिवसभर हात का अडकवून बसता?"

"सोडतात रे. पण मग मला शोधतात."

तेवढ्यात देपालपुरहून परतलेली शुभांगी दारात आली. तिने सगळं ऐकलं असावं. "काकू, उद्या काकांना मी भरवते," ती म्हणाली. "तुम्ही नाही गेलात, तर इथे बसून त्यांचा राग राग कराल. जाऊन या." काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

रविवारी सकाळी मात्र काकांनी फासा घेतलाच नाही. रिक्षा दारात उभी, काकूंच्या पायात चपला, आणि मनगट मुठीत. काकूंनी फासा पुढे केला. मूठ आणखी आवळली. मी म्हणालो, "काकू, ओढा ना हात!" उशीर झाला तर समोरच्याला फुकट गुण मिळतात, हे त्यांनीच आदल्या रात्री सांगितलं होतं. काकू स्टुलावर बसल्या.

"बंद आहे," म्हणाल्या. "बसू."

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. "अम्मा, चलना है कि नी?" मी त्याला थोपवायला बाहेर पळालो, आत आलो, पुन्हा बाहेर गेलो. काकू हलल्या नाहीत. त्यांनी हाताला साधा हिसकाही दिला नाही. काकांकडे बघत होत्या, काका त्यांच्याकडे. केव्हातरी काकांनी 'हं' केलं आणि बोटं आपोआप सैल झाली. काकू उठल्या, काकांच्या उशीची सुरकुती नीट केली आणि गेल्या. माझं मनगट ताबडतोब त्या जागी गेलं.

उपांत्य सामना मोबाईलवर थेट दिसत होता. समोर बडोद्याचा एक तरुण होता. उशिराबद्दल त्याला दोन गुण आधीच मिळाले होते. काकू मागून येत येत बरोबरीला आल्या. शेवटचा डाव. त्यांची एकच सोंगटी मारली गेली, पट्टीवर बसली, आणि पोराने आपलं घर पुरतं बंद केलं. तो फासे टाकतोय, सोंगट्या जुळवतोय, आणि काकू नुसत्या बसलेल्या. उजवा हात टेबलावर, डावा मांडीवर. मी मोबाईल काकांसमोर धरला. ते टक लावून बघत राहिले. मग त्यांनी माझं मनगट सोडलं, उशीजवळ पडलेला फासा उचलला आणि चादरीवर टाकला. पाच पडले. माझ्याकडे असं बघितलं, की आता तुझी पाळी. बंद असताना फासा टाकायचा नसतो, हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलली नाही.

त्या पोराला घर उघडावंच लागलं. काकूंची सोंगटी आत शिरली, पटभर धावली, पण अगदी थोडक्यासाठी उशीर झाला. तो जिंकला. उठून काकूंच्या पाया पडला.

घरी आल्यावर काकूंनी आधी विचारलं, "जेवले?" शुभांगी म्हणाली, "सगळं. ताटात भात ठेवला नाही." तेव्हा कुठे काकू हसल्या. मी हळहळत होतो, "ते दोन गुण गेले नसते ना काकू, तर..."

"ते दोन गुण गेले म्हणून तर मी जाऊ शकले रे," काकू म्हणाल्या. "हात ओढून गेले असते ना, तर तिथे एकही सोंगटी दिसली नसती मला."

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. काकूंना मुलगी बंगलोरला घेऊन जायला आली. निघायच्या सकाळी त्या आमच्याकडे पोहे खायला बसल्या. मी म्हणालो, "तिकडे तर क्लब आहेत म्हणे बॅकगॅमनचे. आता कुठेही जा, कितीही खेळा."

"खेळीन की." त्यांचा डावा हात मांडीवर होता, तळवा वर करून ठेवलेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "फक्त याचं काय करायचं, ते कळत नाही."

टॅक्सी गेल्यावर मी आत येऊन बसलो. मोबाईलची बॅटरी संपत आली होती. "अगं, चार्जर कुठाय?" मी हाक मारली. शुभांगी कणीक भिजवत होती. कणकेच्या हातानेच आली, माझ्या खुर्चीमागचा चार्जर काढून दिला आणि परत निघाली. मला अजून काकूच दिसत होत्या. म्हणालो, "काकूंनी एवढी वर्षं कशी काढली असतील गं? एक माणूस असा धरून बसलेला, हलू देत नाही..."

शुभांगी दारात थांबली.

"काका बरे होते," ती म्हणाली. "फासा दिला की सोडत तरी होते."